सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडमधल्या विझ्नाच्या लढाईत ७२० पोलिश सैनिकांनी ४२,००० जर्मनांना खरंच तीन दिवस रोखलं का?

रोखलं. पण '४० विरुद्ध १' हा प्रसिद्ध आकडा (या संख्यांचा भागाकार खरं तर ५८च्या आसपास येतो) वाचला की माझं डोकं फिरतं, कारण त्यात नदी, टेकडी आणि काँक्रीट तिन्ही गायब होतात.

४२,००० ही जर्मन सेनापती गुडेरियनच्या अख्ख्या १९व्या कोअरची, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या सैन्याची, संख्या. एवढं सैन्य पोलिश बंकर असलेल्या गूरा स्त्रेंकोवाच्या टेकडीसमोर एकाच वेळी लढायला मावलंच नसतं. पुढे नारेव नदी, बाजूला ब्येब्झा नदीची दलदल, आणि नारेववरचा पूल पोलिश सैन्याने ७ सप्टेंबर १९३९लाच उडवलेला. खरा जोराचा हल्ला झाला ९ तारखेला. त्यात जर्मनांचाही गोंधळ: एका रात्री त्यांच्याच २०व्या मोटराइज्ड डिव्हिजनने १०व्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनच्या पुलाचं साहित्य काढून आपल्यासाठी खालच्या अंगाला नेलं. तेवढा उशीर पोलिश तुकडीचा प्रमुख कॅप्टन रागिनिसच्या खात्यावर मांडू नका. त्याला त्याची गरज नाही.

त्याच्याकडे ९ किलोमीटरची फळी होती, ६ तोफा, २४ जड आणि १८ हलक्या मशीनगन्स, आणि जूनमध्ये सुरू होऊन अर्धवट राहिलेलं बांधकाम. मोठ्या बंकरच्या भिंती दीड मीटर जाडीच्या. त्या टिकल्या. अडलं ते दुसरीकडे. बंकर एकटा लढत नाही. त्याच्या जंग्यांमधून (भिंतीतल्या गोळीबाराच्या फटींमधून) होणारा आडवा मारा शेजारच्या बंकरसमोरची जमीन झोडपतो आणि शेजारी याची राखतो. मधल्या खंदकांत पायदळ लागतं, नाहीतर शत्रू मागच्या दारापर्यंत येतो. रणगाड्यांनी अगदी जवळून जंग्यांवर आणि पोलादी घुमटावर गोळे मारून एक बंकर गप्प केला, की शेजाऱ्याची एक बाजू उघडी पडते. मग तिकडून सॅपर्स (सैन्याचे सुरुंगवाले) स्फोटकं घेऊन सरपटत येतात. पुढचा बंकर, पुन्हा तेच.

आणि वायुवीजन पुरं झालेलं नव्हतं, हे कुणी सांगतच नाही. बंद खोलीत मशीनगन सतत चालली की बारुदाचा धूर साठतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. साध्या गॅस मास्कची गाळणी तो अडवत नाही. डोकं दुखतं, हात जड होतात, नेम जातो. गोळी न लागताही माणूस निकामी होतो. म्हणून 'बंकरमध्ये बसून लढणं सोपं' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो मी सोडणार नाही. तो धूर कोंडलेला असताना घुमटातली फट सोडायची नाही, याला काय लागतं ते आधी सांगा.

रागिनिस आणि तोफखान्याचा लेफ्टनंट ब्रिकाल्स्की यांनी जिवंतपणी जागा न सोडण्याची शपथ घेतली होती. ब्रिकाल्स्की लढताना मारला गेला. १० तारखेला रागिनिसने उरलेल्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं आणि स्वतः हातबॉम्बने जीव दिला. दोघांचे अवशेष २०११ मध्ये पुन्हा त्याच टेकडीवर, त्या बंकरच्या अवशेषांत पुरले.

तुम्ही यावर लिहिणार असाल तर आधी नकाशा घ्या आणि नद्या रंगवा, आकडे नंतर. एक राहिलं: ७२० जण शेवटपर्यंत लढून मेले हेही खरं नाही. उत्तरेकडच्या तुकडीला माघारीचा हुकूम मिळाला होता, ते ब्येब्झावरचा लाकडी पूल जाळून निघाले. आणि शरण न आल्यास कैद्यांना गोळ्या घालू, ही गुडेरियनची धमकी सगळीकडे सांगितली जाते, पण ती पक्की घटना म्हणून लिहू नका.