अर्पण कोणी मोजावं?

प्रश्न : नवापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारचं अर्पण (उपासनेत जमणारे पैसे) पाळकच (पास्टर) घरी नेऊन मोजतात. माणूस सज्जन आहे, पण कुजबुज सुरू झालीय. कसं बोलावं?

उत्तर : एकट्यात बोला, आरोप न करता. या पद्धतीने धोक्यात येतं ते त्यांचंच नाव. बायबलमधलं २ करिंथ ८:२०-२१ काढून दाखवा. कोणी दोष लावू नये म्हणून प्रेषित पौलाने वर्गणीसाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले. उपासना संपताच चर्चमध्येच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं. वहीत किती रुपयांच्या किती नोटा, चिल्लर वेगळी, खाली दोघांच्या सह्या. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. घोळ होतो तो बँकेत भरण्याआधी: डिझेलला, मंडपाला पाचशे काढले की वही आणि भरणा पावती जुळतच नाही. खर्च नंतर, व्हाउचरवर. भात-तूर अर्पण आली तर तीही तोलून लिहा.