यमननंतर काय वाजवायचं

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हार्पचा व्हिडिओ दोनदा पाहिला. ४७ तारा, ७ पेडल. एक पेडल हललं की त्या नावाचा स्वर सगळ्या सप्तकांत एकदम अर्ध्या स्वराने चढतो किंवा उतरतो. ‘आपल्या संतूरला ही सोय का नाही?’ असं तू विचारलंस. हाच प्रश्न मला पंचविशीत छळत होता.

यमन रागानंतर मालकंस राग घ्यायचा तर ग, ध, नी कोमल करायचे, मध्यम शुद्ध करायचा, तोही प्रत्येक सप्तकात, आणि प्रत्येक घोडीवरच्या, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्यावरच्या, तीनही तारा एकमेकींशी तंतोतंत मिळवायच्या. एक जरी हलली तरी स्वर फाटतो. श्रोते एवढं थांबत नाहीत. म्हणून मी यमननंतर हंसध्वनी ठेवते. त्याला मध्यम नको, धैवत नको, बाकी स्वर यमनचेच. एकही खुंटी फिरवावी लागत नाही. कार्यक्रमाची अशी आखणी करता करताच मी रचना करायला शिकले, बाळा. हाताशी लागलेले स्वर तेवढेच आहेत, आता त्यांतून काय काढशील? माझ्या बहुतेक बंदिशी या अडचणीतून निघाल्या आहेत.

मींडेचंही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचंही, तसंच. पंडित शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईत संतूर वाजवलं तेव्हा या वाद्यात मींड नाही, ते शास्त्रीय संगीताला चालायचं नाही, असं जाणकार म्हणाले. त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं, तारांची रचना बदलली, कलम, म्हणजे संतूर वाजवायच्या काड्या, तारेवरून घसरवत स्वराला स्वर जोडला. तू आधी हे घसरवणं साध. वेगाच्या मागे आत्ता लागू नकोस.

आपल्याकडच्या हवेचं मात्र तुला कुणी सांगणार नाही. परभणीला मे महिन्यात उघड्या मंचावर माझा कार्यक्रम होता. संयोजकांनी मायेने कूलर थेट माझ्याकडे वळवला. ओलाव्याने लाकूड फुगलं, सूर चढले. मग दिव्यांच्या झोतात तारा तापल्या आणि उतरल्या. आलाप मध्येच थांबवून सूर लावायची चावी हातात घ्यावी लागली. त्या रात्री परतताना मी रडले होते. आता तासभर आधी वाद्य मंचावर नेऊन ठेवते, दिवे लावायला सांगते, कूलर बंद करवते आणि मगच सूर लावते. संयोजक कुरकुरले तरी तूही हेच कर.

पोटाचं सांगते. नुसत्या मैफलींवर घर चालत नाही. माझं शिकवण्यांवर आणि नाटकांच्या पार्श्वसंगीतावर चाललं, आणि शिकवण्यांनी माझा हात सुधारलाही. बिदागी आधी ठरव, निम्मी आगाऊ घे. संगीत दिलंस तर कागदावर सही करताना घाई नको. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या रचनेच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा आता निर्मात्याला लिहून घेता येत नाही. मला हे फार उशिरा कळलं, तोवर दोन कामं हातची गेली होती.

लातूरमध्ये राहून हे होईल का, असंही तू विचारलंस. शिकायला बाहेर जावं लागेल, जा. पण तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा ग्रंथ आपल्या देवगिरीतच, म्हणजे आजच्या दौलताबादला, लिहिला. त्यात २१ तारांची मत्तकोकिला वीणा आहे. त्यांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते, आणि आपलं संतूरही तिकडूनच आलं. दौलताबादचा किल्ला दिसला की मला दर वेळी हे आठवतं आणि बरं वाटतं.

दसऱ्यानंतर संभाजीनगरला ये, आठ दिवस राहा. कलम सुती कापडात गुंडाळून आण. एसटीत वाद्य डिकीत टाकू देऊ नकोस, मांडीवर घेऊन बस. आल्यावर पहिले दोन दिवस फक्त सूर लावू.

तुझी,
मावशी