दारू पिऊन रस्त्यावर मारामाऱ्या का होतात? सरळ दारूबंदी केली तर थांबतील का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वाईन शॉप आहे, शेजारी चायनीजच्या दोन गाड्या लागतात, आणि गेल्या महिन्यात तुमच्या चुलत भावाला तिथे "बघतो काय?" एवढ्यावरून मारलं. प्यायल्यावर माणसं अशी का होतात आणि सरकार एकदाची दारूबंदी का करत नाही, असं तुम्ही विचारताय.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पोलीसही नाही. मी ओरल सर्जन आहे, म्हणजे तुटलेले जबडे जोडतो. एका जिल्ह्याच्या गावी बरीच वर्षं हेच करतोय. त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळ्या बाजूने येईल.

आधी एक गंमत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी मारामारीत मार खाल्लेला जवळजवळ कुणीच नसतो. सगळे गाडीवरून पडलेले, नाहीतर बाथरूममध्ये घसरलेले. पेशंटला तोंड उघडता येत नाही म्हणून सोबतचा मित्र सगळं सांगतो, आणि त्याच्या तोंडाचा वास दारापासून येतो. मी ऐकून घेतो आणि एक्स-रे लावतो. गाडीवरून हनुवटीवर आपटलेल्या माणसाच्या हनुवटीला खोक असते, आणि बरेचदा कानापुढे जबड्याच्या सांध्याजवळचं हाड मोडलेलं असतं. ठोसा खाल्लेल्याचा बहुतेक वेळा जबड्याचा डावा कोपरा जातो, कारण मारणारे बहुतेक उजव्या हाताचे. हनुवटीवर ओरखडा नाही, सांधे शाबूत आणि डावा कोपरा तुटलेला, अशा माणसाला मी एवढंच विचारतो, "गाडीचं नाव काय होतं?" मग मित्र हसतो.

खोटं बोलण्याची कारणं समजतात. पोलीस केस नको असते. दारूचा उल्लेख आला की विम्याचा दावा अडकेल अशी भीती असते. शिवाय मारणारा अनोळखी असतोच असं नाही, पुष्कळदा त्याच टेबलावरचा असतो. पण या खोटेपणाचा एक परिणाम होतो, त्याकडे पुढे येतो.

आता कारण. दारूने मेंदूचा पुढचा भाग मंदावतो, पुढचा विचार करणं कमी होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे लक्ष आकसतं. शुद्धीतल्या माणसाला धक्का लागला तर त्याला धक्का दिसतो, गर्दी दिसते, समोरच्याच्या हातातली पिशवीही दिसते. दोन क्वार्टर झालेल्याला फक्त धक्का दिसतो. गर्दीमुळे लागला असेल, हा भाग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि समोरचाही तेवढाच प्यायलेला असेल, तर दोघांपैकी एकालाही "जाऊ दे" सुचत नाही.

पण सगळा दोष मेंदूवर टाकायला मी तयार नाही. अनोळखी पोरावर धावून जाणारा हाच माणूस पोलिसांची जीप वळताना दिसली की शर्ट खोचतो आणि "साहेब, मित्रच आहोत आम्ही" म्हणतो. म्हणजे ताबा पूर्ण सुटलेला नसतो, कुठे सोडायचा हे त्याला कळत असतं. 1969 साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी जगभरच्या समाजांतल्या पिण्याच्या नोंदी एकत्र करून हेच मांडलं होतं: दारू तीच, पण प्यायल्यावर माणूस कसा वागतो हे त्याच्या समाजात काय खपवून घेतलं जातं यावर ठरतं. आपल्याकडे काय खपतं? "प्यायलेला होता हो, सोडा आता." लग्नाच्या वरातीत डीजेपुढे दोन गट भिडले की सकाळी दोन्हीकडचे मामा हेच वाक्य बोलून मिटवतात. कायद्यात मात्र ही सूट नाही. स्वतःच्या मर्जीने प्यायलेल्याला नशेचा बचाव मिळत नाही. आधी भारतीय दंड संहितेत हे कलम 85 आणि 86 मध्ये होतं, 2024 पासून न्याय संहितेत 23 आणि 24 मध्ये आहे. कायदा देत नाही ती माफी मामा देऊन टाकतो.

तरीही, मेंदू आणि मामा दोघेही गावभर सारखेच असतात. मारामाऱ्या गावभर सारख्या होत नाहीत. माझ्या दृष्टीने खरा मुद्दा इथून सुरू होतो.

तुमच्या गल्लीतल्या गाड्याच बघा. परमिट रूममध्ये तीच क्वार्टर महाग पडते, म्हणून पोरं दुकानातून घेतात आणि गाडीवर उभ्याने पितात. प्लास्टिकचा ग्लास, पाण्याचा पाऊच, अर्धी प्लेट चिली. बसायला जागा नाही, त्यामुळे धक्का लागणारच. लघवीला शेजारच्या भिंतीपाशी जायचं, तिथे दिवा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे जबाबदार कुणीच नाही. परमिट रूमबद्दल कितीही वाईट बोला, पण तिथला जुना वेटर कुणाला आणखी एक द्यायची आणि कुणापुढे न विचारता बिल ठेवायचं, हे बरोबर ओळखतो. भांडण झालं तर मालकाचं लायसन्स अडचणीत येतं. चायनीजवाल्याला लायसन्सच नाही, गमावणार काय? खरं तर अशा ठिकाणी दारू पिऊ देणं आणि पिणं, दोन्ही गुन्हे आहेत. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याची कलमं 68 आणि 84 त्यासाठीच आहेत. उत्पादन शुल्कवाले अधूनमधून ढाब्यांवर त्याखाली धाड टाकतात. चार दिवस गाडी लागत नाही, पाचव्या दिवशी लागते.

आता कार्डिफची गोष्ट. ती मला आवडते, कारण तिचा नायक माझ्याच धंद्यातला आहे. वेल्सच्या या राजधानीत जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन आहेत. शनिवारी रात्री पबमधून येणारे फुटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्यात येणाऱ्या मारहाणीच्या बहुसंख्य घटना पोलिसांच्या दप्तरात नाहीतच. म्हणजे पोलीस ज्या नकाशावर गस्त आखत होते तो नकाशाच अपुरा होता. आपल्याकडच्या 'गाडीवरून पडलो' या खोटेपणाचाही परिणाम हाच होतो. त्यांनी केलेला उपाय फारच साधा. अपघात विभागात नाव नोंदवून घेणाऱ्या माणसाने आणखी काही प्रश्न विचारायचे: नेमकं कुठे, किती वाजता, कशाने मारलं. नाव-गाव काढून टाकून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेकडे जायची. 'शहराच्या मध्यभागी' असं मोघम चालायचं नाही, पबचं नाव हवं, रस्त्याचं नाव हवं.

त्यातून काय झालं? पोलिसांची माणसं शांत भागातून काढून त्या ठरावीक रस्त्यांवर, त्या ठरावीक तासांना उभी राहिली. पब सुटायच्या वेळी गर्दीचा रस्ता वाहनांना बंद केला. वारंवार नाव येणाऱ्या पबच्या मालकाला बोलावून आकडे दाखवले. फुटून धारदार तुकडे होणार नाहीत असे ग्लास वापरायचा आग्रह धरला. 2011 साली याचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: कार्डिफसारख्याच इतर शहरांशी तुलना करता, मारहाणीमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्यांचं प्रमाण 42 टक्क्यांनी कमी. यात ना कुणाची दारू बंद झाली, ना कुणाला प्रवचन दिलं.

(बाटलीचा विषय निघालाच आहे तर: स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी डोक्यात घालायला भरलेली बियरची बाटली वाईट की रिकामी, हे मोजलं होतं. रिकामी फुटायला जास्त जोर लागतो, पण कवटी फोडायला दोन्ही पुरेशा. त्यांना 2009 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं बक्षीस, मिळालं, तेही शांततेचं.)

वेळेचं महत्त्व ऑस्ट्रेलियात दिसलं. न्यूकॅसल शहरात 2008 मध्ये 14 पबची पहाटे बंद व्हायची वेळ अलीकडे आणली आणि बंद होण्याच्या दोन तास आधीपासून नव्याने आत जाणं थांबवलं. रात्रीच्या मारहाणी सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. सिडनीने 2014 मध्ये हेच केलं, दीडनंतर प्रवेश नाही आणि तीनला शेवटचा ग्लास. तिथे किंग्ज क्रॉस भागातल्या मारहाणी खाली आल्या, पण रात्रीचे धंदे आणि गाण्याचे अड्डे बसले, लोक चिडले, आणि 2020 नि 2021 मध्ये नियम टप्प्याटप्प्याने उठवले. 2014 मध्येच तिथल्या सरकारने नशेत ठोसा मारून जीव घेणाऱ्याला किमान आठ वर्षं शिक्षा असाही कायदा केला. न्याय म्हणून तो ठीक असेल. मात्र रात्री एक वाजता मूठ आवळणारा कलमं आठवत बसत नाही, त्यामुळे प्रतिबंध म्हणून माझी त्यावर फारशी भिस्त नाही.

तुमच्या दारूबंदीच्या प्रश्नाकडे आता येतो. वर्धा जिल्ह्यात ती 1975 पासून आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये सरकारने उठवली. बंदीच्या मागे ज्या बायका उभ्या राहिल्या त्या रस्त्यावरच्या मारामारीसाठी नव्हत्या, त्यांचं दुखणं घरातलं होतं: पगार संपतो आणि रात्री मार पडतो. त्या दुखण्याला मी नाव ठेवणार नाही. पण तुमच्या भावाचा प्रश्न वेगळा आहे. अनंत चतुर्दशीला दुकानं बंदच असतात ना? तरी विसर्जनाच्या रात्री माझा फोन वाजतो. माल आदल्या दिवशीच घरी आलेला असतो.

मीही कार्डिफचं वाचून एक वही घातली. पेशंट किंवा मित्र खरं बोलला की तारीख, वेळ, जागा लिहायची. आमच्या सरकारी दवाखान्यातल्या एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसच्या, कागदावर जागेचा रकाना असतो, पण त्यात बहुधा गावाचंच नाव पडतं. माझ्या वहीत काही महिन्यांतच दोन जागा पुन्हा पुन्हा यायला लागल्या. एक म्हणजे एमआयडीसीच्या रस्त्यावरचं वाईन शॉप, तेही पगारानंतरच्या आठवड्यात, दुकान बंद व्हायच्या सुमारास. दुसरी जागा बसस्टँडमागची. पानं झेरॉक्स करून एका पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी चहा पाजला, सगळं नीट वाचलं आणि म्हणाले, "डॉक्टर, रस्त्याची ही बाजू आमची, ती बाजू त्यांची." वाईन शॉप दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत आणि तिथल्या चायनीजच्या गाड्या या ठाण्याच्या हद्दीत. गाडीवाला काही मूर्ख नव्हता. दोन्ही ठाण्यांना एकत्र बसवायला सहा महिने गेले. गाड्या अजून आहेत. पण हायमास्टचा दिवा दुरुस्त झाला आणि पगाराच्या आठवड्यात एक बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा पोलीस, दहाच्या आधी तिथे येऊन थांबतो. त्या कोपऱ्यावरचे जबडे कमी झालेत असं मला वाटतं, पण एका डॉक्टरच्या वहीवरून ठाम काही म्हणू नये. बसस्टँडमागे काहीच झालं नाही.

आणखी एक गोष्ट शेफर्ड यांच्याच गटाकडून उचलली. जखमी तरुण टाके काढायला येतो तेव्हा नर्सने त्याच्याशी त्याच्या पिण्याबद्दल थोडा वेळ, न रागावता बोलायचं. एवढ्याने वर्षभरानंतरही धोकादायक पिणं घटलेलं त्यांना दिसलं. माझ्याकडे तर जबडा तारेने बांधलेला माणूस काही आठवडे स्ट्रॉने पेज पीत असतो, उलटून बोलू शकत नाही, याहून चांगला श्रोता कुठे मिळणार? पण भरती झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्याचे हात थरथरतात, ज्याला भलतंसलतं दिसायला लागतं, त्याचं काम गप्पांनी होत नाही. त्याला औषधं लागतात, आणि पुढे मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र.

आता तुम्ही काय करायचं? दुकानच हटवायचं असेल तर 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदानाचा रस्ता आहे, पण त्यासाठी आधी वॉर्डातल्या बायकांच्या सह्या गोळा कराव्या लागतात आणि ते काम लांबतं. तोवर वही घाला. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून लिहा: तारीख, वेळ, नेमका कोपरा, बाटली होती की हात, दिवा चालू होता की नाही. कुणाचंही नाव लिहू नका, नाहीतर वही घेऊन कुठे जायला तुम्ही घाबराल. दोन महिन्यांनी पोलीस ठाणं, उत्पादन शुल्क आणि नगरपालिका अशा तिन्ही ठिकाणी एकच अर्ज द्या, प्रत्येकावर बाकी दोघांना प्रत दिल्याचं लिहा आणि पोच घ्या. आणि त्याआधी हद्दीची रेष कुठून जाते ते विचारून घ्या. माझे सहा महिने त्यातच गेले.