आधी 28 लाख घेऊ, केंद्राचा खर्च नंतर मागू: असं होत नाही

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय 34) दोन वर्षांपूर्वी कांजूरमार्गला टेम्पोने उडवलं. तो स्कूटरवर होता. डोक्याचं ऑपरेशन झालं. आता चालतो, जेवतो, पण काही लक्षात राहत नाही, एकदम चिडतो, एकटं ठेवता येत नाही. डॉक्टर निवासी पुनर्वसन केंद्रात ठेवायला सांगतात. तिथले दर महिन्याला 55 हजार आहेत. एमएसीटीत (मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात) दावा चालू आहे. टेम्पोची विमा कंपनी येत्या लोकअदालतीत 28 लाख द्यायला तयार आहे. ते घेऊन केंद्राच्या खर्चाचा दावा नंतर वेगळा करता येईल का? भावाचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. मेडिक्लेम कंपनीनेही केंद्राचा खर्च देणार नाही म्हणून कळवलंय. (एक वाचक, भांडुप)

उत्तर : ताई, नाही करता येणार. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आधी डोक्यात पक्कं करा. अशी पत्रं मला सारखी येतात. टेम्पोच्या जागी डंपर असतो, भावाच्या जागी नवरा असतो, पण प्रश्न हाच: आत्ता मिळतंय ते घेऊ, पुढचं पुढे बघू. मोटार अपघाताच्या कायद्यात ‘पुढचं पुढे’ नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या निकालात हे स्पष्ट केलं. अंतिम निवाडा झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी पुन्हा निवाडा देण्याची तरतूद कायद्यात नाही. म्हणून भविष्यातला सगळा उपचारखर्च त्याच एका निवाड्यात धरायचा. त्यात लोकअदालतीचा निवाडा तर आणखी पक्का. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तो दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच समजला जातो, आणि त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण फार मोजक्या कारणांवर. ‘तेव्हा खर्चाचा अंदाज आला नव्हता’ हे त्यातलं कारण नव्हे.

आता 28 लाख म्हणजे नेमके किती ते बघू. वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणून एकूण भरपाई काढतात, तो गुणक. तुमच्या भावाच्या वयाला 16 चा गुणक लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयोगटासाठी तोच आहे. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक माणूस 15 हजार महिन्याने ठेवला, तर वर्षाचे 1 लाख 80 हजार. गुणिले 16, म्हणजे 28 लाख 80 हजार. कंपनी जे देतेय त्यात एका मदतनिसाचाही खर्च पुरता निघत नाही. भावाची बुडालेली कमाई, झालेली बिलं, औषधं, केंद्र, वेदना आणि यातना या सगळ्याचं मिळून त्यात शून्य आहे. हा हिशोब तुमच्या वकिलांनी तुमच्यापुढे मांडायला हवा होता. मांडला नसेल तर विचारा.

अशी रक्कम न्यायालयं देतात का? देतात. काजल विरुद्ध जगदीश चंद (2020) या प्रकरणात 12 वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इजा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनीस, प्रत्येकी महिना 5 हजार, असे धरून त्याला 18 चा गुणक लावला आणि एकूण भरपाई 62 लाख 27 हजारांवर नेली. मदतनिसाचा खर्च ठोक अंदाजाने न देता गुणकानेच काढावा, हे त्या निकालाचं मोल आहे.

केंद्राच्या 55 हजारांचं मात्र मी इतकं खात्रीने सांगणार नाही. 55 हजार गुणिले 12 गुणिले 16 केले की एक कोटी पाच लाखांच्या वर आकडा जातो. न्यायाधिकरण तो तसाच उचलून देईल या भरवशावर राहू नका. काही महिने केंद्रात आणि त्यानंतर घरी मदतनीस व थेरपी, अशी मागणी बहुधा जास्त टिकेल. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे आणि ते कागदावर यायला हवं. तुम्ही पाठवलेल्या केंद्राच्या पत्रात फक्त दर आहेत. किती महिने, कोणती थेरपी, फिजिओ, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, रात्री नर्सिंग का लागतं, काय सुधारणा अपेक्षित आहे, यातलं काहीच नाही. असं पत्र उलटतपासणीत पाच मिनिटंही टिकत नाही. हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची. तिथे भावाला दाखवून लेखी उपचार आराखडा मागा.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. हातपाय चालतात म्हणून दाखल्यावर टक्के कमी लागले आहेत आणि कंपनी तेवढ्यावरच बोट ठेवून बसली आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2010) या निकालाने सांगितलंय की दाखल्यावरचे टक्के म्हणजेच कमाईचं नुकसान नव्हे. त्या माणसाला त्याचं काम करता येतं का, हे पाहायचं. तुमचा भाऊ फिटर होता. तीन पायऱ्यांची सूचना ज्याच्या लक्षात राहत नाही, तो मशीनसमोर उभा राहू शकत नाही. पण हे न्यायाधीशांना आपोआप कळणार नाही. स्मरणशक्ती, एकाग्रता, निर्णयक्षमता यांची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या आणि ती करणारे तज्ज्ञ साक्षीला येतील का, हे आधी विचारा. साक्षीला न येणाऱ्या तज्ज्ञाच्या अहवालावर कंपनी हमखास हरकत घेते.

दोन वर्षांत तुम्ही मदतनिसाच्या पगाराची एकही पावती ठेवली नाहीत. याचा मला खरंच राग आला, कारण पैसे तुमचेच गेलेत आणि पुरावा मात्र नाही. निदान मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट काढा, ब्युरोकडून लेखी घ्या, आणि आजपासून वही घाला. भाऊ गॅस चालू ठेवून बाहेर गेला, मध्यरात्री जिना उतरून स्टेशनच्या दिशेने चालू लागला आणि वॉचमनने परत आणला, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. दाव्यात त्यातलं एक अक्षर नाही. तारीख घालून लिहा. वॉचमन साक्षीदार आहे.

कुलमुखत्यारपत्राबद्दल. अपघातानंतर, त्याला काही समजत नसताना, 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन नोटरी केलेल्या कागदाला काही अर्थ नाही. अधिकार देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळायला हवं. आणि अपघाताआधीचं असतं तरी भाव नव्हता, कारण देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारी संपते. दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी ऑर्डर 32 आहे: ज्याला स्वतःचं हित सांभाळता येत नाही त्याच्या वतीने वादमित्र उभा राहतो, आणि वादमित्राने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी रोजनाम्यावर (न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत) स्पष्ट नोंदलेली लागते. न्यायाधिकरणात त्याच धर्तीवर अर्ज करा. तुमचा दावा भावाच्या अंगठ्यावर दाखल झालाय, तो आधी दुरुस्त करून घ्या. परवानगी नसलेली तडजोड पुढेमागे त्याच्या वतीने आव्हान देण्याजोगी ठरू शकते, पण त्या आशेवर सही करू नका. मिळालेले 28 लाख तोवर संपलेले असतील आणि तुम्ही उच्च न्यायालयाच्या बोर्डावर नंबर कधी लागतो याची वाट बघत असाल.

मेडिक्लेमबाबत थोडक्यात. कंपनीने पॉलिसीतलं ‘एक्सक्लुजन 05’ हे खर्च वगळणारं कलम दाखवलं असणार. ते कलम मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी, उपचारासाठी नव्हे, अशा भरतीला आणि अंघोळ, कपडे अशा निव्वळ सांभाळण्याला वगळतं. केंद्रात प्रत्यक्ष उपचार होणार असतील तर वाद घालायला जागा आहे, पण पॉलिसी पाहिल्याशिवाय जास्त बोलणार नाही. नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, एक महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि नकारानंतर एक वर्षाची मुदत आहे. ती चुकवू नका. हे पैसे मिळाले म्हणून एमएसीटीतले कमी होतील ही भीती नको: मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही असं ठरवलंय.

हेल्मेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. कंपनी तो मुद्दा काढेल. एफआयआर आणि पंचनामा न पाहता त्याचा परिणाम सांगता येणार नाही.

लोकअदालतीला माझा विरोध नाही. तारखांवर तारखा पडून माणसं कशी थकतात ते मी रोज बघतो आणि 28 लाखांचा मोह मला कळतो. पण तडजोड झाली नाही तर दावा जिथे होता तिथूनच पुढे चालतो, काही बुडत नाही. म्हणून त्या तारखेआधी तीन अर्ज दाखल व्हायला हवेत: वादमित्र म्हणून तुमची नेमणूक, मागणीत मदतनीस आणि पुनर्वसनाचा खर्च घालण्यासाठी दुरुस्ती अर्ज, आणि तज्ज्ञांना साक्षीला बोलावण्याचा अर्ज. मागितल्यापेक्षा जास्त भरपाई देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हेही नागप्पा निकालातच आहे. तरी मागणी कागदावर असू द्या. कंपनी आकडा वाढवायला तयार असेल तर तडजोडीच्या पुरशिशीत (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात) कमाई, उपचार, मदतनीस अशा प्रत्येक शीर्षाखालची रक्कम वेगळी लिहून घ्या, आणि मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवून व्याज दरमहा भावाच्या खर्चासाठी मिळावं अशी विनंती करा. तुमचे वकील ‘आता सही करून टाका’ एवढंच म्हणत राहिले, तर त्यांच्याकडून ना-हरकत घेऊन दुसऱ्या वकिलांचा वकालतनामा दाखल करा. फाइलची पूर्ण प्रत मात्र त्याआधी हातात घ्या.