बाईंबद्दल बोलताना

प्रिय बेटा,

सप्रेम सलाम. रविवारी उपासनेनंतर आपल्या दिवंगत बाईंच्या आठवणी सांगायच्या म्हणून तू पाच कागद लिहून फाडलेस, हे वाचलं. बरं केलंस. मीही एकदा एका मित्राच्या दफनविधीला 'प्रेमळ, प्रार्थनाशील, सेवाभावी' असं सगळं बोललो होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण फाटकाशी त्याच्या बायकोने विचारलं, "भाऊजी, हे कोणाबद्दल बोलत होते तुम्ही?" 22 वर्षं झाली, ते अजून सलतं.

तू बाईंचं बोट सांग. शास्त्रपाठ वाचताना त्या ओळीखाली बोट धरायच्या. रविवारच्या शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवून लागलेली सवय ती, कॅथेड्रलमध्ये उभ्या राहिल्या तरी सुटली नाही. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात, पर्समध्ये कांदा ठेवून, अंथरुणाला खिळलेल्यांकडे पायी जायच्या तेही सांग.

आणि 1970 विसरू नकोस. 29 नोव्हेंबरला आपल्या नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, एवढं कुठेही वाचायला मिळतं. त्या दिवशी एका घरात काय चाललं होतं, ते बाईंकडे होतं. त्यांचे बाबा स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले. तिथे पाळक आणि मंडळीचे वडीलजन मिळून कारभार पाहायचे, बिशप नव्हता. आता बिशप येणार, म्हणून त्यांची झोप उडाली होती. तरी शाळकरी लेकीचा हात धरून ते गेले. परतताना एवढंच म्हणाले, "आता रुसायचं तर एकाच घरात राहून रुसायचं."

माझ्या मते बाईंचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर उभं होतं. आपल्या मंडळीत निवडणुकीवरून दोन तट पडले, तेव्हा त्या दोन्हीकडे चहाला जायच्या आणि दोन्हीकडची बोलणी खायच्या. हे अवश्य सांग; नावं मात्र घेऊ नकोस. त्या हट्टी होत्या, तेही लपवू नकोस. चाल चुकली की पेटीवरचा हात धरायच्या, मग पेटीवर पाळकसाहेब का असेनात!

बोलताना रडू आलं तर थांब. लोक थांबतील.

एक काम मात्र रविवारआधी कर. नागपुरातल्या सदरच्या गल्लीतल्या त्या आजीकडे जा, जिच्याकडे बाई दर बुधवारी जायच्या. बाई काय वाचायच्या ते तिला विचार. मला 121वं स्तोत्र आठवतं, पण तिला नक्की ठाऊक असेल. सकाळीच जा, जेवणानंतर ती झोपते. मोठ्या अक्षरांचं बायबल तिच्या उशाशीच असतं. बाई गेल्यापासून ते कोणी उघडलेलं नाही.

तुझा,
काका