अ‍ॅस्ट्रोसॅटचा खुला डेटा घेऊन एम.एस्सी.च्या पातळीवर संशोधन करता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहात, महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, हाताशी दुर्बीण नाही आणि संगणक म्हणजे एक साधा लॅपटॉप आहे. अशा स्थितीत अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोलनिरीक्षक उपग्रहाचा सर्वांसाठी खुला असलेला डेटा वापरून प्रबंधापुरते तरी खरे संशोधन होऊ शकेल काय? त्यावर एका सदस्याने असे लिहिले आहे की उपकरणे बांधणाऱ्यांनी त्यातले चांगले ते आधीच काढून घेतलेले असते आणि संग्रहात उरतो तो गाळ. आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. त्या सदस्याचे मत मात्र मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगताना विषयनिवडीचा मुद्दाही ओघाने येईल, म्हणून आधी त्याकडे वळतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी केवळ ६ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत फिरतो. त्यावरील यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आणि एसएक्सटी, लॅक्सपीसी व सीझेडटीआय ही क्ष-किरण उपकरणे एकाच स्रोताकडे एकाच वेळी पाहू शकतात. निरीक्षणे मागणाऱ्या गटाचा राखीव काळ संपला की डेटा खुला होतो आणि बंगळुरूजवळ ब्यालालू येथे असलेल्या इस्रोच्या अंतराळविज्ञान डेटा केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करून कोणालाही उतरवून घेता येतो. मात्र खुला होणारा डेटा एका विशिष्ट प्रश्नासाठी घेतलेला असतो, आणि उपकरणाने त्या प्रश्नाशी संबंध नसलेल्याही पुष्कळ गोष्टी नोंदवलेल्या असतात. संग्रहातील संशोधनाला वाव मिळतो तो इथेच.

सीझेडटीआयचे उदाहरण घ्या. साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या बाजूच्या भिंती क्ष-किरणांना पुरेशा अडवू शकत नाहीत. प्रतिमा घेण्याच्या दृष्टीने हा दोष आहे. पण त्यामुळेच उपकरण ज्या दिशेला रोखलेले असते तिच्या बाहेर कोठेतरी झालेला गॅमा-किरण स्फोटही त्यात नोंदवला जातो. ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या आणि पाठोपाठ अ‍ॅटलास या आकाश-सर्वेक्षणाला आकाशाच्या त्याच पट्ट्यात झपाट्याने मंदावणारा एक प्रकाशस्रोत दिसला. दोहोंचा संबंध सिद्ध झाला असता तर ती फार मोठी बातमी ठरली असती. परंतु ५ जानेवारीला झालेला एक स्वतंत्र गॅमा-किरण स्फोट सीझेडटीआयच्या डेटामध्ये सापडला आणि तो प्रकाशस्रोत म्हणजे त्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड असल्याचे दाखवता आले. मुंबईच्या आयआयटीतील वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम आवर्जून वाचावे. एखादा संबंध नाकारणारा निष्कर्ष किती काटेकोरपणे मांडावा लागतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या गटाचे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये यूव्हीआयटीने आकाशाच्या एका छोट्या भागाचे २८ तासांहून अधिक निरीक्षण केले. हबल दुर्बिणीने हा भाग पूर्वीच अतिशय खोलवर पाहिलेला होता, त्यामुळे तेथे नवे काही निघेल असे वरवर पाहता वाटले नसते. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये या गटाने एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून येणारा अतिनील प्रकाश जाहीर केला. हा प्रकाश सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. मूळची सुमारे ६० नॅनोमीटर तरंगलांबी विश्वाच्या प्रसरणाने २.४२ पट ताणली गेल्यामुळे तो यूव्हीआयटीच्या पट्ट्यात आला. हबलचा आरसा कितीतरी मोठा असूनही तिला हे जमले नव्हते, कारण यूव्हीआयटीचा शोधक एकेक फोटॉन मोजतो आणि त्याचा स्वतःचा गोंगाट फार कमी आहे. २८ तासांच्या निरीक्षणानंतर निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला जवळजवळ चार वर्षे लागली, आणि विश्लेषणाचा मोठा भार आपण पाहत आहोत तो खरोखर त्या दीर्घिकेचाच प्रकाश आहे, गोंगाट किंवा शेजारच्या एखाद्या वस्तूचा प्रकाश नव्हे, याची खातरजमा करण्यावर होता.

या कामातला खरा कस लागतो तो बॅकग्राउंडपाशी, म्हणजे स्रोताखेरीज इतर कारणांनी होणाऱ्या मोजणीपाशी, आणि नवख्या विद्यार्थ्याने विषय निवडताना पहिला विचार त्याचाच करावा असे माझे ठाम मत आहे. लॅक्सपीसी हे प्रतिमा घेणारे उपकरण नाही. सुमारे एक अंश रुंदीच्या क्षेत्रातून आणि स्वतःच्या धातूवर आदळणाऱ्या भारित कणांमुळे जे काही येते ते सारे एकाच मोजणीत मिसळते. स्रोत किती आणि बॅकग्राउंड किती हे त्या डेटातूनच वेगळे करता येत नाही. त्यासाठी आकाशाच्या रिकाम्या भागाची जी स्वतंत्र निरीक्षणे घेतलेली असतात त्यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि उपग्रह दक्षिण अटलांटिकवरील तीव्र किरणोत्साराच्या पट्ट्याजवळून गेला की तो अंदाजही बदलतो. स्रोत प्रखर असेल तर ही अनिश्चितता फारशी बाधत नाही. स्रोत मंद असेल तर वर्णपटात दिसणारा प्रत्येक आकर्षक उंचवटा संशयास्पद ठरतो, आणि त्याच्यावर प्रबंध उभारणे धोक्याचे असते. म्हणून सुरुवातीला मंद सक्रिय दीर्घिकांच्या (केंद्रातील महाकाय कृष्णविवरामुळे उजळणाऱ्या दीर्घिकांच्या) मागे लागू नये.

सराव म्हणून क्रॅब पल्सारचे, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक काळाने स्पंद देणाऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याचे, लॅक्सपीसी निरीक्षण घ्या. त्याचा आवर्तनकाळ ३३ मिलिसेकंदांपेक्षा थोडा अधिक आहे आणि तो दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. फोटॉनच्या आगमनाच्या वेळा आहेत तशा वापरून कित्येक तासांचा डेटा या आवर्तनावर दुमडला (म्हणजे आवर्तनाएवढे तुकडे करून एकमेकांवर रचला) तर स्पंदाचा आकार पुसट होऊन जातो, आणि असे का होते हे कागदावर मांडून पाहणे हाच या सरावाचा गाभा आहे. उपग्रहाच्या कक्षेचा व्यास सुमारे १४,००० किलोमीटर आहे; म्हणजे कक्षेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकांवर क्रॅबचा प्रकाश पोहोचण्यात ४० मिलिसेकंदांहून अधिक फरक पडतो. हा फरक एका पूर्ण आवर्तनापेक्षा मोठा आहे. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे पडणारा फरक तर काही मिनिटांचा असतो. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर आणून मगच आवर्तन शोधावे लागते. ही दुरुस्ती करून मिळालेला आवर्तनकाळ इंग्लंडमधील जोड्रेल बँक वेधशाळा दर महिन्याला प्रसिद्ध करते त्या मूल्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले, तर फाइल वाचण्यापासून वेळेच्या दुरुस्तीपर्यंतची आपली सर्व साखळी बरोबर आहे असे समजावे. प्रबंधाचा परीक्षक याला संशोधन म्हणणार नाही, हे खरे. पण या पायरीवाचून पुढे काढलेल्या कोणत्याही आवर्तनावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रत्यक्ष विषयासाठी क्ष-किरण द्वैती तारे (ज्यांत कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो अशा जोड्या) मला सर्वांत योग्य वाटतात. ते प्रखर असतात, काही दिवसांत अवस्था बदलतात, आणि त्यांच्या एकाच निरीक्षणाला अनेक प्रश्न विचारता येतात. जीआरएस १९१५+१०५ हे कृष्णविवर असलेले द्वैत १९९२ पासून ज्ञात आहे. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावरील भारतीय क्ष-किरण उपकरणानेही त्याचे वेध घेतले होते. त्यावर शोधनिबंधांचा डोंगर आहे हे खरे, तथापि त्यामुळेच आपले आकडे पडताळायला भरपूर आधार मिळतो. कमी चर्चिलेला एखादा क्ष-किरण पल्सार निवडून त्याच्या स्पंदाचा आकार फोटॉनच्या ऊर्जेनुसार कसा बदलतो हे पाहणे, हा विषयही एम.एस्सी.च्या कालावधीत बसतो. अशा ठिकाणी एसएक्सटीकडून कमी ऊर्जेचा वर्णपट अवश्य घ्यावा, परंतु जलद स्पंदांसाठी त्याचा उपयोग नाही, कारण त्याची एक फ्रेम वाचायलाच सुमारे २.४ सेकंद लागतात.

निरीक्षणाची तारीख पाहूनच डेटा उतरवावा. यूव्हीआयटीची निकट-अतिनील वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली. लॅक्सपीसीच्या तीन एककांपैकी (स्वतंत्र शोधकांपैकी) तिसरे, ज्याला ३० क्रमांक आहे, वायुगळतीमुळे त्याच वर्षी बंद करावे लागले आणि १० क्रमांकाच्या एककाचे वर्तनही पुढे भरवशाचे राहिले नाही. त्यामुळे त्यानंतरच्या निरीक्षणांसाठी लोक प्रामुख्याने २० क्रमांकाचे एककच वापरतात. जुन्या शोधनिबंधातील तीन एककांची पद्धत २०१९ च्या डेटाला जशीच्या तशी लावली, तर प्रश्न कोठे आला हे शोधण्यातच पंधरवडा जातो.

लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे: अ‍ॅस्ट्रोसॅटच्या प्रत्येक उपकरणाचे स्वतंत्र पॅकेज आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठी नासाचे हीसॉफ्ट. लॅपटॉप चालेल, मात्र त्यावर लिनक्स असावे आणि डिस्कवर जागा मोकळी असावी, कारण लॅक्सपीसीच्या नोंदी अनेक जीबी भरतात. मार्गदर्शक हा त्याहून अवघड भाग आहे. आपल्या विद्यापीठात आयुकाचे असोसिएट असलेले एखादे प्राध्यापक आहेत काय, याची आधी चौकशी करा; ही योजना विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांसाठीच आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट वापरणाऱ्यांच्या मदतीसाठी आयुकात एक विज्ञान साहाय्य कक्षही चालवला गेला आहे, आणि त्याने तयार केलेली प्रशिक्षण-सामग्री आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल.

क्रॅबचा सराव करताना अडचण आली तर येथेच विचारा. मात्र निरीक्षण क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि दिलेली आज्ञा जशीच्या तशी लिहा, कारण नुसते ‘आवर्तन मिळत नाही’ एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येणार नाही.