न्यूजलेटरचं ‘अबाउट’ पान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (तासगाव): मी द्राक्षबागेवर न्यूजलेटर काढतो. ‘अबाउट’ पानावर शिक्षण, पुरस्कार, लेखनाची आवड सगळं लिहिलंय. लोक पान उघडतात, पण सबस्क्राइब करत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर: स्थळासाठी बायोडेटा पाठवल्यासारखं झालंय ते. आलेल्याला बघायचं असतं की इनबॉक्समध्ये काय येणार, कधी येणार आणि ते तुमच्याकडूनच का घ्यायचं. पहिल्या दोन ओळींत तेवढंच सांगा. उदाहरणार्थ: ‘खरड छाटणीपासून काढणीपर्यंत, या आठवड्यात बागेत काय बघायचं ते दर रविवारी सकाळी. माझ्या २ एकरांतले फोटो आणि फवारणीच्या खर्चासकट.’ इथे ‘२ एकर’ तुमच्या पदवीपेक्षा जास्त बोलतात. एखाद्या वर्षी डाऊनी या बुरशीच्या रोगानं घड गेले असतील तर तेही लिहा, बागायतदार त्यावरच तुम्हाला जोखतो. पुरस्कार अगदीच राहवत नसेल तर तळाशी.

काय देणार ते वाचकाला आधीच सांगायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा रस्त्यावरचे दिवे आणि पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग, तोच वर्तमानपत्राच्या लेखणीचा, असं वाचकांना सांगितलं होतं. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ची तर बाजू नावातच कळायची.

प्रश्न (ठाणे): सबस्टॅकनं (मी न्यूजलेटर जिथून पाठवते ती वेबसाइट) ‘अबाउट’ पानावर दिलेला तयार मजकूर तसाच ठेवला तर?

उत्तर: ‘सबस्क्राइब केलंत तर सगळे अंक वाचायला मिळतील’ अशा धर्तीचा तो मजकूर. म्हणजे दुकानावर ‘येथे दुकान आहे’ अशी पाटी! काढा तो. त्याजागी तुमच्या सगळ्यात चांगल्या दोन-तीन अंकांच्या लिंक द्या, प्रत्येकीखाली एक ओळ. नवा माणूस चव बघूनच ठरवतो.

प्रश्न (न्यू जर्सी): लिहिणारी मी एकटीच. ‘आम्ही’ म्हटलं तर वजन येईल का?

उत्तर: नाही. ‘मी’च लिहा. मेलला उत्तर आलं की ते तुम्हीच वाचणार आहात, हेही सांगून टाका.

प्रश्न (कोल्हापूर): ‘दर आठवड्याला’ असं लिहिलंय, पण गेल्या महिन्यात दोन अंक चुकले. पान बदलू?

उत्तर: आजच बदला. जमणार असेल तेवढंच, ‘महिन्यातून दोनदा’, असं लिहा. वर्गणी भरलेले वाचक असतील तर त्यांना आधी मेल करा. पान गुपचूप बदललेलं त्यांना आपणहून दिसलं, तर वर्गणी परत मागतील आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.